वस्तऱ्याचा सातबारा

जुना वस्तरा हातात आला की बहुतेकांची नजर आधी धारेवर जाते. माझी जाते पातं आणि मूठ यांच्या मधल्या बोटभर दांडीवर. जुने वस्तरे जमवायच्या या छंदातली माणसं तिला टँग म्हणतात. वस्तऱ्याबद्दलची सगळी माहिती तिथं असते, निदान कधीकाळी होती. लालभडक तापलेल्या पोलादावर कुणीतरी ठसा धरलेला असतो आणि वरून हातोड्याचा एकच घाव घातलेला असतो. घाव सरळ बसला तर अक्षरं एका ओळीत आणि एकसारखी खोल उमटतात. हात जरा कलला की एक बाजू खोल आणि दुसरी पुसट. दुसरा घाव घालायची सोय नसते, कारण मग अक्षरं दुहेरी दिसतात. तशी दुहेरी अक्षरं असलेले वस्तरेही सापडतात आणि ते मला जास्त आवडतात.

हा ठसा म्हणजे वस्तरा करणाऱ्याची सही, असं धरून शोध सुरू केला की माणूस हमखास भरकटतो. सही माणसाबरोबर संपते. ठसा बापाकडून मुलाकडे जातो, विधवेच्या नावावर चढतो, भाड्याने दिला जातो, विकला जातो, आणि पेढी बुडाली तर देणेकऱ्यांच्या वाटणीतही येतो. म्हणून मी त्याच्याकडे सातबाऱ्यासारखं बघतो. जमीन तीच, कब्जेदार बदलत गेलेले आणि खरी गोष्ट फेरफारांच्या नोंदींत.

इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये या नोंदी ठेवायची पद्धत फार जुनी. आधी हे काम जहागीरदाराच्या कचेरीतून चाले. १६२४ मध्ये इंग्लंडच्या संसदेने कायदा करून ‘कंपनी ऑफ कटलर्स इन हॅलमशायर’ स्थापन केली आणि चाकू, कात्र्या, वस्तरे करणाऱ्यांच्या खुणा नोंदवायचं काम तिच्याकडे आलं. खूण नोंदवल्याशिवाय धंदा करायचा नाही आणि दुसऱ्याची खूण मारायची नाही. सुरुवातीला या खुणा अगदी साध्या असत, म्हणजे एखादं अक्षर, मुकुट, तारा, हृदय, चिलीम. गिऱ्हाइकाला वाचता येत नसलं तरी चित्र ओळखता येतं. १७८७ मध्ये जोसेफ गेल्स आणि डेव्हिड मार्टिन यांनी शेफील्डची एक निर्देशिका छापली. तिच्यात कारागिरांच्या नावांपुढे त्यांच्या खुणाही छापलेल्या आहेत. अठराव्या शतकातला वस्तरा ओळखायला बसलं की हे पुस्तक म्हणजे पहिला दरवाजा. (यातले गेल्स पुढे राजकीय लिखाणापायी अडचणीत आले आणि १७९४ मध्ये देश सोडून गेले. वस्तऱ्यांचा माग काढताना असली माणसं मधेच भेटत राहतात आणि मूळ काम बाजूला पडतं.)

फेरफाराचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे आय, मग एक छोटा तारा आणि पुढे एक्स, एल. इंग्रजीत सलग म्हटलं की ‘मी सरस आहे’ असं ऐकू येतं. ही खूण पहिल्यांदा नोंदली गेली १७८७ मध्ये, आणि आज जिच्या नावाने ती ओळखली जाते त्या जॉर्ज वॉस्टेनहोम यांच्या पेढीकडे आली १८२६ मध्ये. म्हणजे खूण आणि वॉस्टेनहोम हे नाव एकत्र दिसलं तर वस्तरा १८२६ च्या आधीचा नाही. खाली ‘वॉशिंग्टन वर्क्स’ असेल तर १८४८ च्या आधीचा नाही, कारण तो कारखाना पेढीने त्या वर्षी घेतला. गिऱ्हाईक कोणत्या खंडातलं होतं, हे कारखान्याच्या नावातच कळतं. अशा एकेका शब्दाने खालची मर्यादा वर सरकत जाते. वरची मर्यादा मात्र ठसा सहसा देत नाही. पेढी पुढची शंभर वर्षं तोच ठसा मारू शकते आणि पुष्कळांनी मारलाही.

या विषयातली निम्मी भांडणं इथूनच निघतात. ठसा बहुतेक वेळा ‘याच्या आधी नाही’ एवढंच सांगतो. ‘याच्या नंतर नाही’ हे आकार, मूठ आणि घडण यांच्याकडून काढून घ्यावं लागतं. दोन्हींची गाठ पडते तिथं एक पट्टा मिळतो. कधी दहा वर्षांचा, कधी चाळीस. विकणाऱ्याने चिठ्ठीवर नेमकं वर्ष लिहिलं असेल, तर ते वर्ष कुठून आलं हे मी आधी विचारतो. बहुतेक वेळा ते पात्यावरच लिहिलेलं असतं आणि तो पेढीच्या स्थापनेचा सन असतो. जर्मनीतल्या झोलिंगनच्या हेंकेल्स घराण्याची जुळ्यांची खूण १३ जून १७३१ रोजी तिथल्या कारागिरांच्या संघाकडे नोंदली गेली आणि ते वर्ष पेढी आजही अभिमानाने मिरवते. १७३१ वाचून हुरळलेला माणूस हातात विसाव्या शतकातली वस्तू धरून बसलेला असू शकतो.

नशीब असेल तर ठसाच पट्टा आवळून देतो. माझ्याकडे एक वस्तरा आहे. टँगवर मुकुट, त्याच्या डाव्या अंगाला डब्ल्यू आणि उजव्या अंगाला आर. आर या अक्षराचा पाय उमटलेलाच नाही, त्यामुळे पहिल्या नजरेला तो पी वाटतो. उजेड तिरपा धरला की पायाच्या जागी केसाएवढी रेघ दिसते. डब्ल्यू म्हणजे इंग्लंडचा राजा चौथा विल्यम आणि आर म्हणजे रेक्स, लॅटिनमध्ये राजा. तो गादीवर होता १८३० ते १८३७. एवढी अरुंद खिडकी क्वचितच मिळते. जी आणि आर असेल तर तिसरा जॉर्ज की चौथा, की पार १९१० नंतरचा पाचवा, हे बाकीच्या अंगांवरून ठरवावं लागतं. व्ही आणि आर म्हणजे व्हिक्टोरिया राणी (इथं आर म्हणजे रेजिना), १८३७ ते १९०१. चौसष्ट वर्षांच्या कारकिर्दीचा तारीख ठरवायला उपयोग तो किती! राजाचं अक्षर मारणारे सगळेच राजवाड्याला माल पुरवत होते, असंही नाही. मुकुट दिसायला भारदस्त, म्हणून अनेकांनी तो मारला. जोसेफ रॉजर्स यांच्या पेढीला मात्र १८२२ मध्ये चौथ्या जॉर्जकडून खरोखरच राजमान्यता मिळाली होती. त्यांच्या वस्तऱ्यांवर तारा आणि माल्टीज क्रॉस ही १७६४ ची खूण असते आणि सोबत ‘महाराजांचे कटलर’ किंवा ‘महाराणींचे कटलर’ असे शब्द. महाराज की महाराणी, एवढ्यावरूनही बरंच कळतं.

तर त्या डब्ल्यू-आर वस्तऱ्याकडे परत. ठशावर विसंबून न राहता मी बाकीच्या अंगांना तोच प्रश्न विचारला. पातं जाड आहे, पाठीकडून धारेकडे पाचरीसारखं निमुळतं होत जाणारं, बाजूंना खोलगटपणा जवळपास नाही. टोकाकडे ते किंचित रुंद होतं. मागचं शेपूट, ज्यावर करंगळी टेकवतात, ते आहे पण आखूड. अठराव्या शतकातल्या वस्तऱ्यांना हे शेपूट जवळपास नसतंच, टँग सांध्यापाशीच संपते. पुढे ते वाढत जातं आणि त्याला बाक येतो. म्हणजे आखूड शेपूट १८३० च्या दशकाशी जुळतं. मूठ काळ्या शिंगाची. उजेडासमोर धरली की कडेला मधासारख्या तपकिरी रेषा दिसतात. तीन खिळ्यांपैकी दोन जुन्या, बारीक, झिजून पट्टीशी एकजीव झालेल्या. तिसरी जरा जाड आणि पिवळी, म्हणजे ती कधीतरी बदलली आहे. सांध्याची खिळी बदलताना मूठच बदलली नसेल कशावरून? टोकाच्या दोन खिळ्या आणि त्यांच्यामधली शिशाची पाचर मूळच्या जागी दिसतात, पट्टीच्या आतल्या बाजूला पात्याच्या आकाराचा जुना डाग आहे आणि तो याच पात्याशी जुळतो. मूठ मूळची, असं मी धरून चाललो आहे.

हे जुळवून बघणं टाळता येत नाही. वस्तऱ्याच्या मुठी फुटतात, किडे शिंग खातात, लोक नव्या बसवतात. लांबट पुठ्ठ्याच्या डब्या तर सर्रास अदलाबदल होतात. एका पेढीची डबी, दुसऱ्या पेढीचा वस्तरा आणि विकणारा डबीवरचं नाव वाचतोय, हे नेहमीचं दृश्य. आठवड्याच्या सात वस्तऱ्यांचे संच फुटून एकटा ‘बुधवार’ फिरताना दिसतो. त्याच्या पाठीवर वार कोरलेला असतो, त्यामुळे तो ओळखू तरी येतो.

टँगवर नावाखाली बऱ्याचदा पोलादाचं कौतुक असतं. ‘कास्ट स्टील’ हे त्यातलं सगळ्यात जास्त दिसणारं. बेंजामिन हंट्समन हा डॉनकास्टरचा घड्याळजी. घड्याळाच्या स्प्रिंगसाठी एकसारखं पोलाद मिळेना म्हणून तो स्वतःच प्रयोग करू लागला आणि १७४० च्या सुमारास शेफील्डजवळ येऊन मुशीत पोलाद वितळवायची रीत त्याने बसवली. वस्तऱ्याच्या बारीक धारेला असं एकजिनसी पोलाद लागतंच. शेफील्डच्या कारागिरांना आधी ते फार कठीण वाटलं. फ्रान्समध्ये ते खपू लागल्यावर त्यांचे डोळे उघडले, असं सांगतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हे शब्द वस्तऱ्यांवर दिसू लागतात.

‘सिल्व्हर स्टील’ची गोष्ट आणखी मजेची. जेम्स स्टोडार्ट नावाचा लंडनचा कटलर आणि तरुण मायकेल फॅरेडे यांनी १८२० च्या आसपास पोलादात वेगवेगळे धातू मिसळून पाहिले. चांदीचं प्रमाण पाचशेत एक. त्यांचे लेख गाजले आणि वस्तऱ्यांवर ‘सिल्व्हर स्टील’ झळकू लागलं. पुढे हे नाव चांदीचा अंशही नसलेल्या पोलादाला चिकटलं ते कायमचं. तेव्हा हे शब्द दिसले तर १८२० नंतरचा, एवढंच म्हणावं आणि चांदीचा विषय सोडून द्यावा. याच स्टोडार्टला भारतातल्या वुट्झ पोलादाचं फार कौतुक होतं. हेलेनस स्कॉट या डॉक्टरने मुंबईहून १७९० च्या दशकात वुट्झचे नमुने लंडनला जोसेफ बँक्सकडे पाठवले होते. त्यातून युरोपात त्या पोलादाचा जो गाजावाजा झाला, त्याचा पडसाद म्हणून ‘इंडिया स्टील’ हे शब्द वस्तऱ्यांवर उमटले. त्या वस्तऱ्यांत खरोखर भारतीय पोलाद किती होतं, यावर मी पैज लावणार नाही. जाहिरात म्हणून शब्द चांगला होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पात्याचा आकारच बदलतो. दोन्ही बाजू दगडी चाकावर खोलगट घासून पातं इतकं पातळ करायचं की धारेच्या कडेवर नख ठेवलं तर ती लवावी. या कामात जर्मन पुढे होते. असं पातं चामड्याच्या पट्ट्यावर फिरवलं की बारीक आवाज देतं. जाड पाचरीचं पातं मुकं असतं. इथं ठशावर ‘हॉलो ग्राउंड’ असे शब्द दिसू लागतात. जुनी पाती नंतर खोलगट घासून ‘अद्ययावत’ केलेलीही आढळतात. अशा वेळी ठसा आणि आकार एकमेकांशी भांडतात आणि मी ठशाच्या बाजूने उभा राहतो.

शेफील्ड आणि झोलिंगन यांच्या वैराने मात्र आम्हा छंदिष्टांवर मोठे उपकार केले आहेत. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनाहून फ्रांत्स रूलो या जर्मन तज्ज्ञानेच आपल्या देशाच्या मालाला ‘स्वस्त आणि वाईट’ म्हटलं होतं. त्या स्वस्त मालावर शेफील्डची नावं आणि शेफील्डसारख्या खुणा मारून तो इंग्लंडमध्ये विकला जाई. शेफील्डकरांनी बोंब ठोकली आणि १८८७ मध्ये ‘मर्चंडाइज मार्क्स’ कायदा आला. इंग्रजी भासेल असं नाव परदेशी मालावर असेल तर तो कुठे बनला ते स्पष्ट लिहिणं भाग पडलं. शिक्षा म्हणून आलेले ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द पुढे लोक मुद्दाम शोधू लागले. शेफील्डच्या कटलरांनी हे बघून काय म्हटलं असेल, ते छापण्याजोगं नसावं.

मग अमेरिकेचा १८९० चा मॅकिन्ली जकात कायदा. १ मार्च १८९१ पासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत असणं सक्तीचं झालं. म्हणून ‘शेफील्ड’ एवढंच असेल तर आधीचा आणि ‘शेफील्ड, इंग्लंड’ असेल तर नंतरचा, असा ठोकताळा सगळीकडे फिरतो. ठोकताळा चांगला आहे, पण तो एकाच दिशेने चालतो. देशाचं नाव असेल तर १८९१ नंतरचा असण्याची शक्यता मोठी. नाव नसेल तर काहीच सिद्ध होत नाही, कारण इंग्लंडमधल्याच गिऱ्हाइकाला विकलेल्या वस्तऱ्यावर ते लिहायची गरजच नव्हती. हे दर वेळी समजावून सांगावं लागतं आणि दर वेळी समोरचा माणूस थोडा नाराज होतो.

बाकीच्या खुणा भराभर सांगतो. नावापुढे ‘लिमिटेड’ असेल तर १८५५ नंतरचा, त्याआधी इंग्लंडमध्ये तसा कायदाच नव्हता. जर्मन वस्तऱ्यावर डी-आर-जी-एम ही अक्षरं, म्हणजे रचनेची सरकारदरबारी नोंद झाल्याची खूण, १८९१ नंतर येतात. हॅरी ब्रिअर्लीने शेफील्डमध्ये न गंजणाऱ्या पोलादावर काम केलं १९१३ मध्ये, तेव्हा ‘स्टेनलेस’ त्याच्या आधी शक्य नाही. झोलिंगन या नावाला १९३८ मध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं. ‘वेस्ट जर्मनी’ म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर देशाची फाळणी झाली तेव्हापासून १९९० पर्यंत. आणि टँगवरचं नाव कारखान्याचं असेलच असं नाही. झोलिंगनमध्ये बनलेल्या पुष्कळ वस्तऱ्यांवर अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांची नावं आहेत. ‘डबल डक’ची दोन बदकं न्यूयॉर्कच्या ब्रेसडक कंपनीची, पोलाद आणि घडण झोलिंगनची.

मुठीच्या जिनसांत सेल्युलॉइडबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. जॉन वेस्ली हायट यांचं पेटंट १८७० चं. हस्तिदंत, कासवाचं कवच, शिंग, सगळ्यांची नक्कल त्यातून होई. खऱ्या हस्तिदंतात आडव्या छेदावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात, हाडात काळसर ठिपके असतात. सेल्युलॉइडमध्ये समांतर रेषा असतात, फारच शिस्तीतल्या. तारखेच्या दृष्टीने उपयोग असा, की सेल्युलॉइडची मूठ मूळची असेल तर वस्तरा १८७० नंतरचा. पण ते म्हातारं झालं की कुजतं. माझ्या कपाटातल्या एका वस्तऱ्याची कासवी रंगाची मूठ बाहेरून चकचकीत होती. उघडला तर कापराचा उग्र वास आला आणि पट्टीच्या आत जिथं पातं झाकलं जातं, बरोबर तेवढ्याच भागावर गंजाचं जाळं. सेल्युलॉइडमधून सुटणारी आम्लाची वाफ पोलाद खाते. अशी मूठ काढून टाकायची आणि वस्तरा बाकीच्यांपासून लांब ठेवायचा, नाही तर शेजाऱ्यांनाही लागण होते. तापलेली सुई टोचून जिन्नस ओळखायचा जो सल्ला दिला जातो, तो सेल्युलॉइडच्या बाबतीत कृपा करून मानू नये. ते भडकन पेटतं.

एवढं सगळं शोधूनही एक रकाना रिकामा राहतो, तो म्हणजे वस्तरा केला कुणी. शेफील्डमध्ये पातं घडवणारा लोहार वेगळा, चाकावर घासणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. पुष्कळ जण ‘लिटल मेस्टर’ म्हणवणारे छोटे स्वतंत्र कारागीर, भाड्याच्या जागेत एक-दोन माणसं हाताशी घेऊन मोठ्या पेढ्यांची कामं करणारे. चाकावर काम करणाऱ्यांच्या फुप्फुसात दगडाची आणि पोलादाची धूळ साचत जाई आणि तरुणपणीच धाप लागे. त्या दुखण्याला ‘घासणाऱ्यांचा दमा’ असंच नाव पडलं होतं. यांच्यापैकी कुणाचं नाव टँगवर नाही. ठसा मालकाचा. कधीकधी टँगच्या आतल्या बाजूला, मुठीत झाकल्या जाणाऱ्या भागावर, एखादा आकडा किंवा कानशीने पाडलेली खाच दिसते. ती कामगाराची खूण असेल, मालाच्या जातीची असेल, नाही तर मूठ आणि पातं जुळवण्यासाठी असेल. मी ती वहीत काढून ठेवतो.

ठसा वाचायला फार सामान लागत नाही. अंधाऱ्या खोलीत एका बाजूने, जवळजवळ आडवा उजेड टाकायचा आणि वस्तरा हळूहळू फिरवायचा. समोरून टाकलेल्या उजेडात जे अक्षर दिसत नाही ते सावलीत उभं राहतं. पातळ कागद ठेवून वर शिसपेन्सिल घासली की बऱ्यापैकी नक्कल उतरते. खडूची पूड चोळून पुसली तर ती खळग्यांत राहते. सांध्याजवळची अक्षरं मुठीखाली गेलेली असतात, तिथं वस्तरा पूर्ण उघडून आरपार बघावं लागतं. गंज असेल तर तेलाचा थेंब सोडून रात्रभर ठेवायचा आणि लाकडी काडीने खरवडायचं. याहून जास्त काही नाही.

कारण माझं खरं भांडण आहे ते पॉलिशवाल्यांशी. वस्तरा आरशासारखा चमकवायच्या नादात मोटरवरचं चाक टँगवर फिरतं, अक्षरांच्या कडा गोल होतात, तारा ठिपका होतो, क्रॉस नाहीसा होतो, आणि मग तोच माणूस फोटो पाठवून विचारतो की हा कुठल्या सालचा असेल. पात्याचं काय करायचं ते करा, ते दाढीसाठीच आहे. मूठ मोडली असेल तर नवी बसवा आणि बसवल्याचं लिहून ठेवा. टँगवर तेल आणि फडकं, बस्स.